सेकंडहँड नायट्रस किटचा रिले: स्विच बंद असतानाही एका सोलेनॉइडला वीज का मिळते?

प्रश्न

नमस्कार. केवळ शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या माझ्या मोटारीत मी एक सेकंडहँड नायट्रस किट (इंजिनात नायट्रस ऑक्साइड वायू सोडून जादा शक्ती मिळवण्याची सामग्री) बसवत आहे. किट ‘वेट’ प्रकारचे आहे, म्हणजे त्यात नायट्रससाठी एक आणि त्याच्या जोडीने जाणाऱ्या जादा पेट्रोलसाठी एक असे दोन सोलेनॉइड, म्हणजे वीज मिळाली की उघडणाऱ्या झडपा, आहेत. सोबत माहितीपत्रक आलेले नाही. पण आर्मिंग स्विच (किट सज्ज करणारा मुख्य स्विच), थ्रॉटलवर बसणारा मायक्रोस्विच (पेडल पूर्ण दाबल्यावर जोडला जाणारा छोटा स्विच), फ्यूज होल्डर आणि सॉकेटमध्ये बसवलेला पाच पायांचा रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा विजेवर चालणारा स्विच) एवढे सामान हार्नेससह, म्हणजे वायरींच्या जुडग्यासह, मिळाले आहे. रिलेच्या अंगावरची छपाई पुसली गेली आहे. पायांजवळ कोरलेल्या आकड्यांपैकी ३०, ८५, ८६ आणि ८७ हे वाचता येतात, मधल्या पायाचा आकडा मात्र झिजला आहे.

हार्नेसची प्रत्येक वायर मी मल्टिमीटरने दोन्ही टोकांना धरून तपासली. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी जाड वायर आहे. ८६ वर आर्मिंग स्विचमधून येणारी वायर आहे आणि ८५ वरची वायर मायक्रोस्विचमधून अर्थला (बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या मोटारीच्या बॉडीला) जाते. ८७ वर पेट्रोलच्या सोलेनॉइडची वायर आहे, तर मधल्या पायावर नायट्रसच्या सोलेनॉइडची. दोन्ही सोलेनॉइडच्या उरलेल्या वायरी अर्थला जातात.

बाटली किंवा पेट्रोलची नळी कुठेही न जोडता, हे सारे टेबलावर मांडून मी बॅटरी लावली. आर्मिंग स्विच बंद असतानाच नायट्रसच्या वायरवर १२.५ व्होल्ट दिसले आणि थोड्याच वेळात त्या सोलेनॉइडचे अंग हाताला गरम लागू लागले. स्विच चालू करून मायक्रोस्विच दाबला की रिले ‘टक्’ असा आवाज करतो, नायट्रसच्या वायरवरचे व्होल्टेज शून्यावर येते आणि त्याच क्षणी पेट्रोलच्या वायरवर ते दिसू लागते. जे दोन सोलेनॉइड एकत्र उघडायला हवेत, ते असे एकमेकांच्या उलट चालत आहेत. रिले बिघडला आहे, की जोडणीच चुकीची आहे? हाच रिले पुढे वापरावा का, आणि होल्डरमध्ये असलेला ३० अँपिअरचा फ्यूज योग्य आहे का, हेही कृपया सांगावे.

पहिले उत्तर

आपण बाटली न जोडता टेबलावर तपासणी केली, हे फार चांगले केले. या अवस्थेत किट गाडीत बसले असते, तर बाटलीची झडप उघडताच इंजिन बंद असतानाही नायट्रस इन्टेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) भरत राहिला असता, आणि पेडल पूर्ण दाबल्यावर नायट्रस थांबून केवळ जादा पेट्रोल गेले असते.

आपण लिहिलेल्या लक्षणांवरून रिले बिघडलेला वाटत नाही. तो त्याच्या रचनेप्रमाणेच काम करत आहे, मात्र या हार्नेससाठी तो चुकीच्या जातीचा आहे. पाच पायांचे रिले बाहेरून सारखेच दिसत असले, तरी त्यांच्यात दोन जाती असतात. एका जातीत मधला पाय हाही ८७ च असतो, म्हणजे रिले ओढला गेला (८५ आणि ८६ मधील कॉइलला वीज मिळाली) की ३० ची वीज दोन्ही ८७ वर एकदम जाते. दुसऱ्या जातीत मधला पाय ८७-ए असतो. रिले विश्रांतीत असताना तो ३० ला जोडलेला असतो आणि रिले ओढला गेला की सुटतो. आपला हार्नेस बहुधा पहिल्या जातीच्या रिलेसाठी बनवलेला होता, एका ८७ वर पेट्रोल आणि दुसऱ्या ८७ वर नायट्रस. नंतर कधीतरी कोणीतरी जुना रिले काढून, सॉकेटमध्ये बसतो म्हणून दुसऱ्या जातीचा रिले घातला असावा. खात्री करायची असल्यास रिले सॉकेटमधून काढा आणि कोणतीही वीज न देता ३० आणि मधला पाय यांच्यामध्ये मीटर लावा. तिथे शून्याजवळ रोध दिसला, तर तो ८७-ए आहे.

यावर दुसऱ्या जातीचा, म्हणजे दोन ८७ असलेला रिले आणून बसवला तरी किट चालू लागेल, पण मी तसे करणार नाही. उद्या ट्रॅकवर तो रिले बदलायची वेळ आली आणि हाताशी आलेला पाच पायांचा रिले कोणी घातला, तर आजचाच धोका पुन्हा उभा राहील, आणि त्या वेळी बाटली जोडलेली असेल. त्यापेक्षा दोन्ही सोलेनॉइडच्या वायरी एकत्र क्रिंप करून (एकाच टर्मिनलमध्ये दाबून बसवून) ८७ वर आणा, मधल्या पायाचे टर्मिनल सॉकेटमधून ओढून काढून टाका आणि चार पायांचा रिले बसवा. मग त्या सॉकेटमध्ये पुढे यांपैकी कुठल्याही जातीचा रिले गेला, तरी मधल्या पायाला काही जोडलेलेच नसेल.

नवा रिले घेताना पायांच्या जागेवर विसंबून राहू नका, आकडे वाचा. या आकाराच्या रिलेंमध्ये दोन मांडण्या प्रचलित आहेत आणि त्यांत ३० व ८६ यांच्या जागांची अदलाबदल झालेली असते. शिवाय काही रिलेंमध्ये कॉइलला समांतर डायोड असतो. अशा रिलेमध्ये ८६ ला धन आणि ८५ ला ऋण हीच दिशा पाळावी लागते. उलट जोडले तर डायोडमधून सरळ शॉर्ट होतो, आणि त्या मार्गावर फ्यूज नसेल तर वायर जळते.

आता फ्यूज. सोलेनॉइड किती प्रवाह घेतो हे किटनुसार बदलते, म्हणून ते मोजूनच ठरवावे. मीटर सर्वांत खालच्या ओहमवर ठेवा, आधी त्याच्या दोन्ही टोकांचा एकमेकांना स्पर्श करून मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध टिपून घ्या आणि तो सोलेनॉइडच्या आकड्यातून वजा करा. इतक्या कमी रोधाला हा ०.२ किंवा ०.३ ओहमचा फरकही मोठा असतो. आलेल्या रोधाने १३.८ ला भागले, की इंजिन चालू असतानाचा प्रवाह मिळतो. आकडे इथे लिहा, म्हणजे फ्यूज आणि वायर दोन्हींविषयी नेमके सांगता येईल.

दुसरे उत्तर

वरील निदान मला पूर्ण पटते. मात्र ‘हाच रिले वापरावा का’ या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण सेकंडहँड किटमध्ये मला सर्वांत जास्त काळजी याच भागाची वाटते.

रिलेच्या आत दोन वेगळी सर्किटे असतात. ८५ आणि ८६ यांच्यामधील कॉइलचा रोध साधारण ७० ते १०० ओहम असतो, त्यामुळे तिच्यातून दीड-दोनशे मिलिअँपिअर एवढाच प्रवाह जातो, आणि म्हणूनच छोटासा मायक्रोस्विच ते काम सहज करू शकतो. सोलेनॉइडचा मोठा प्रवाह मात्र ३० आणि ८७ मधील पॉइंटमधून, म्हणजे एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या टोकांमधून, जातो. सोलेनॉइड ही स्वतःच एक मोठी कॉइल असल्याने तिचा प्रवाह तोडताना पॉइंटमध्ये ठिणगी पडते. दर वेळी पडणाऱ्या या ठिणगीने पॉइंट खडबडीत होत जातात आणि शेवटी एखाद्या वेळी ते एकमेकांना वितळून चिकटतात.

पॉइंट चिकटले तर काय होईल, याचा विचार करा. आर्मिंग स्विच, मायक्रोस्विच, आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) ठरावीक मर्यादेत असतानाच जोडणारा विंडो स्विच, इंधनाच्या दाबाचा स्विच हे सारे कॉइलच्या बाजूला आहेत. आपण पेडल सोडाल, आर्मिंग स्विच बंद कराल, फार काय किल्लीही फिरवून बंद कराल. कॉइल सुटेल, पण चिकटलेले पॉइंट सुटणार नाहीत. थ्रॉटलची झडप मिटलेली असताना नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही मॅनिफोल्डमध्ये जात राहतील आणि तिथे स्फोट होऊन मॅनिफोल्ड फुटू शकेल. किती वेळा तोडजोड झाली आहे हे माहीत नसलेला रिले म्हणूनच या जागी ठेवू नये. संपूर्ण किटमध्ये सर्वांत स्वस्त भाग हाच आहे, तेव्हा नामांकित कंपनीचा नवा रिले घ्या.

नव्या रिलेचेही पॉइंट कधीतरी चिकटू शकतात, म्हणून मी दोन रिले मालेत (एकामागे एक) लावण्याचा आग्रह धरतो. पहिला, मुख्य रिले आर्मिंग स्विचवर चालवा. त्याच्या ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी वायर आणि त्याच्या ८७ वरून निघणारी वायर दुसऱ्या रिलेच्या ३० वर. दुसरा रिले मायक्रोस्विचवर चालवा आणि त्याच्या ८७ वर दोन्ही सोलेनॉइड जोडा. या रचनेतली खुबी अशी, की मुख्य रिले ओढला जातो तेव्हा दुसरा रिले अजून उघडा असतो, त्यामुळे मुख्य रिलेच्या पॉइंटमधून त्या क्षणी काहीच प्रवाह जात नाही आणि ठिणगीही पडत नाही. त्याचे पॉइंट अनेक वर्षे स्वच्छ राहतात. उद्या दुसऱ्या रिलेचे पॉइंट चिकटलेच, तर आर्मिंग स्विच बंद करताच मुख्य रिले पुरवठा तोडतो. अर्थात तो प्रसंग वगळता शर्यत संपल्यावर आधी पेडल सोडावे आणि मगच आर्मिंग स्विच बंद करावा, म्हणजे मुख्य रिलेला भार तोडावा लागणार नाही.

जोडीला सोलेनॉइडच्या धन वायरीवरून एक छोटा दिवा डॅशबोर्डवर आणा. पेडल सोडल्यावरही तो जळत राहिला, तर पॉइंट चिकटले आहेत हे चालकाला लगेच कळते.

पुढे कधी प्रोग्रेसिव्ह कंट्रोलर (नायट्रसचे प्रमाण हळूहळू वाढवणारे उपकरण) घ्यायचा विचार असेल, तर तेव्हा सोलेनॉइड आणि कंट्रोलर यांच्यामध्ये हा रिले ठेवू नका. तो कंट्रोलर सोलेनॉइडला सेकंदाला अनेक वेळा चालू-बंद करतो. ते यांत्रिक पॉइंटचे काम नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रिले काढून मोजला. ३० आणि मधला पाय यांच्यामध्ये शून्याजवळ रोध आहे, म्हणजे तो ८७-ए च आहे. कुतूहल म्हणून त्याचे झाकण काढून पाहिले, तेव्हा मधल्या पायाचा पॉइंट गुळगुळीत दिसला, पण ८७ चा पॉइंट काळवंडलेला असून त्याच्या मध्यभागी खळगा पडला आहे आणि समोरच्या पॉइंटवर तेवढाच उंचवटा तयार झाला आहे. हा रिले आता बाजूला ठेवला आहे.

मीटरच्या वायरींचा रोध वजा केल्यावर नायट्रसचा सोलेनॉइड १.२ ओहम आणि पेट्रोलचा ४.६ ओहम भरला. बॅटरीपासून रिलेमार्गे सोलेनॉइडपर्यंतची वायर सुमारे ४ मीटर होईल.

एक शंका उरते. मूळ हार्नेसमध्ये मायक्रोस्विच ८५ च्या बाजूला, म्हणजे अर्थच्या मार्गात आहे. तो तसाच ठेवावा, की ८६ च्या बाजूला, आर्मिंग स्विचनंतर मालेत घ्यावा? दोन्ही पद्धतींनी रिले चालेलच, मग निवड कशावरून करायची?

तिसरे उत्तर

निवड वायर घासली गेल्यावर काय होते यावरून करायची. मायक्रोस्विचची वायर थ्रॉटलजवळून जाते. तिथे कंप असतो, उष्णता असते आणि कडा धारदार असतात, त्यामुळे कधी ना कधी इन्सुलेशन घासले जाऊन तांबे बॉडीला टेकण्याची शक्यता असते. स्विच अर्थच्या बाजूला असेल आणि ८५ पासून स्विचपर्यंतची वायर बॉडीला टेकली, तर रिलेला वाटते की स्विच दाबला गेला आहे. आर्मिंग स्विच चालू असेल तर नायट्रस लगेच सुटतो, मग पेडलवर पाय असो वा नसो. तोच स्विच धन बाजूला असेल आणि वायर बॉडीला टेकली, तर फ्यूज उडतो आणि सारे बंद पडते. म्हणून मी धन बाजू निवडतो. किल्ली फिरवल्यावरच वीज मिळणाऱ्या वायरवरून ३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज, मग आर्मिंग स्विच, मग मायक्रोस्विच, मग दुसऱ्या रिलेचा ८६, आणि ८५ वरून थेट अर्थ. मुख्य रिलेच्या ८६ ची वायर आर्मिंग स्विच आणि मायक्रोस्विच यांच्यामधून घ्या.

याला एक अपवाद आहे. अनेक विंडो स्विचचे आउटपुट अर्थ देणारे असते, म्हणजे त्यांना ८५ च्याच बाजूला बसवावे लागते. तसे असल्यास मायक्रोस्विच धन बाजूला आणि विंडो स्विच ऋण बाजूला अशी विभागणी करा. मग कोणतीही एक वायर बॉडीला टेकली, तरी तेवढ्याने रिले ओढला जाणार नाही. विंडो स्विच आपल्या यादीत दिसला नाही, पण तो घ्यावाच असे माझे मत आहे. कमी आरपीएमला नायट्रस सोडला, तर तो मॅनिफोल्डमध्ये साचून पेट घेऊ शकतो, म्हणून साधारण ३,००० आरपीएमच्या खाली तो सुरूच होऊ नये, आणि रेव्ह लिमिटर (इंजिनाचा कमाल वेग रोखणारी यंत्रणा) इंधन तोडू लागण्याच्या आधी तो थांबला पाहिजे.

आता आपल्या आकड्यांविषयी. १३.८ व्होल्टला नायट्रसचा सोलेनॉइड ११.५ अँपिअर आणि पेट्रोलचा ३ अँपिअर घेईल, एकूण १४.५. त्यासाठी २० अँपिअरचा फ्यूज पुरेसा आहे. ३० चा काढून टाका. चार मीटर लांबीत १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये एवढ्या प्रवाहाला जवळजवळ १ व्होल्ट खर्ची पडेल, तर २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ०.४ व्होल्ट. नायट्रसच्या सोलेनॉइडला ६० ते ७० बार दाबाविरुद्ध झडप उचलायची असते, तेव्हा हा अर्धा व्होल्ट वाया घालवू नये. वायर २.५ ची घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ ठेवा.

दोन्ही सोलेनॉइडना एकच फ्यूज आणि एकच अर्थबिंदू असू द्या, हे मी मुद्दाम सांगतो, कारण वेगवेगळे फ्यूज लावणे अधिक व्यवस्थित वाटते आणि पुष्कळ जण तसे करतात. पेट्रोलच्या सोलेनॉइडचा वेगळा फ्यूज उडाला किंवा त्याचा वेगळा अर्थ सैल झाला, तर नायट्रस एकटाच जात राहतो, मिश्रणात इंधन कमी पडते आणि काही सेकंदांत पिस्टन वितळतो. फ्यूज एकच असेल तर दोन्ही झडपा एकदम मिटतात आणि इंजिन आपल्या नेहमीच्या शक्तीवर परत येते. याच कारणासाठी पेट्रोलच्या लाइनवर दाबाचा स्विच बसवून तो कॉइलच्या मार्गात मालेत घ्या. पंपाचा दाब घसरला की नायट्रसही थांबतो.

दुसऱ्या उत्तराचे लेखक

दाबाच्या स्विचविषयी आणि एका अर्थबिंदूविषयी पूर्ण सहमत आहे. गाडीत बसवल्यावर तपासणी कशी करावी, तेवढे सांगतो.

बाटलीची झडप बंद, नायट्रसची लाइन रिकामी, आणि दोन्ही सोलेनॉइडच्या वायरी काढलेल्या, अशा स्थितीतच तपासणी सुरू करावी. पेट्रोलचा सोलेनॉइड जोडलेला राहिला तर किल्ली फिरवताच पंप दाब देतो, आणि मायक्रोस्विच दाबल्यावर बंद इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल ओतले जाते. सोलेनॉइडच्या जागी ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब लावा. किल्ली चालू, आर्मिंग स्विच बंद: पेडल पूर्ण दाबले तरी बल्ब लागता कामा नये. आर्मिंग स्विच चालू, पेडल मोकळे: तेव्हाही नाही. दोन्ही एकत्र केल्यावरच तो लागावा आणि पेडल किंचित सोडताच विझावा. इंजिन बंद असल्याने पंप काही सेकंदांत थांबतो. पेडल दाबून ठेवलेले असताना दाब उतरल्यावर बल्ब आपोआप विझला, तर दाबाचा स्विचही काम करतो आहे असे समजावे. विंडो स्विच बसवला असेल, तर त्याला इंजिन चालू नसल्याचेच दिसते. म्हणून या तपासणीपुरती त्याची वायर सोडवून ८५ तात्पुरता अर्थला जोडा, आणि त्याची स्वतंत्र तपासणी इंजिन चालवून, मायक्रोस्विच हाताने दाबून करा.

बल्बची तपासणी पार पडल्यावर पेट्रोलची लाइन फिटिंगपाशी सोडून तिचे तोंड बंद करा, बाटली बंदच ठेवा आणि मगच खरे सोलेनॉइड जोडून प्रत्येक रिलेच्या ३० आणि ८७ वर मीटर लावा. दोन-तीन सेकंदच चालवून पाहा, कारण हे सोलेनॉइड सतत चालण्यासाठी बनवलेले नसतात. पॉइंटवर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली, तर तो रिले किंवा त्याच्या सॉकेटचे टर्मिनल बदला. सॉकेट जुन्या किटमधलेच ठेवणार असाल, तर ३० आणि ८७ ची टर्मिनल्स काढून पाहा. ती निळसर पडली असतील किंवा रिलेचा पाय त्यांत सैल बसत असेल, तर नवीन क्रिंप करा.

मोटारीला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असल्यास मायक्रोस्विच पेडलवर बसवण्याचा मोह टाळा. तिथे पेडल पूर्ण दाबलेले असतानाही ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) थ्रॉटलची झडप मिटवू शकतो. अशा गाडीत थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा सिग्नल वाचणारा स्विच वापरावा.

प्रश्नकर्ता

थ्रॉटल केबलचे आहे, त्यामुळे मायक्रोस्विच थ्रॉटल बॉडीवरच बसेल. दोन चार-पायी रिले, नवे सॉकेट, २० आणि ३ अँपिअरचे फ्यूज, २.५ ची वायर, दाबाचा स्विच आणि विंडो स्विच अशी यादी केली आहे. जुन्या हार्नेसमधून केवळ आर्मिंग स्विच ठेवणार आहे, तोही रोध मोजून. सोलेनॉइडच्या आतील सीलही जुने असतील, म्हणून दोन्हींचे दुरुस्ती किट मागवले आहेत. बल्बची तपासणी आणि व्होल्टेजची घट यांचे आकडे जोडणी पूर्ण झाल्यावर इथेच लिहीन. तोपर्यंत बाटली गाडीत बसवणार नाही.